नियाजभाईंच्या रेघा

नियाजभाईंना कुणी त्यांच्या प्रोग्रॅममधली चूक दाखवली, की ते आधी चष्मा काढून पुसत, मग घोटभर पाणी पीत, आणि मग अगदी शांतपणे सांगत की चूक प्रोग्रॅममध्ये नाही, वापरणाऱ्यात आहे. गेली तीस वर्षं ते हेच सांगत आले होते, आणि खरं बोलायचं तर बहुतेक वेळा ते बरोबरच असायचे. अकोल्याच्या ताजनापेठेत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस. आतल्या खोलीत ते आणि त्यांचा पुतण्या जुबेर, बाहेरच्या खोलीत फोन आणि फोन घेणारं माणूस. या धंद्यात माणूस बोलायला गोड असलं तर फार उत्तम. नियाजभाई गोड नव्हते, म्हणून ते आतल्या खोलीत बसत.

त्यांच्याकडे एका दूध संघाचं काम होतं. बार्शीटाकळी, मूर्तिजापूर आणि आजूबाजूच्या गावांतल्या गायीम्हशींच्या कानांत पिवळे बिल्ले असतात, त्यावर नंबर असतो. त्या नंबरावर जनावराची सगळी जन्मकुंडली नियाजभाईंच्या डेटाबेसमध्ये साठवलेली. शेतकऱ्यानं फोन करून बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे आणि गावाचं नाव सांगायचं. इकडून कमांड टाईप करायची. पडद्यावर उत्तर येतं, ते वाचून दाखवायचं. गाय गाभण राहावी म्हणून कधी भरवली, डॉक्टर कधी येणार, कधी विणार, पुढची लस कधी. एवढंच काम, पण खेड्यातल्या माणसाला या चार तारखांचं मोल काय असतं, ते ज्याच्या दारात जनावर आहे त्यालाच विचारावं.

आणि ते उत्तर पडद्यावर कसं यायचं म्हणता! चारी बाजूंनी चौकट, मधे उभ्या रेघा, वर रकान्यांची नावं, त्याखाली एक जाड आडवी रेघ, आणि त्याखाली माहिती, प्रत्येक आकडा आपापल्या रकान्यात सावधान उभा. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम उत्तरं अशीच कशीतरी ओकून टाकतात. नियाजभाई तसलं काही बघितलं की नाक मुरडायचे. त्यांचे वडील जिल्दसाज होते, वह्या बांधायचे. याच पेठेत त्यांच्याकडे कागदावर रेघा आखायचं लाकडी यंत्र होतं. जिनिंग फॅक्टऱ्यांपासून कचेरीपर्यंत सगळ्यांची रजिस्टरं तिथं आखली जायची. आडव्या रेघा निळ्या, उभ्या लाल. वडील म्हणत, रेघ सरळ असली की माणसाला वाकडं लिहायची लाज वाटते. वडील गेले, यंत्र भंगारात गेलं, रजिस्टरंही गेली. राहिल्या त्या पडद्यावरच्या रेघा. त्या नियाजभाईंनी एकेक चिन्ह मोजून, जीव लावून बसवल्या होत्या.

ऑगस्टमध्ये फोन घ्यायच्या कामावर अपेक्षा आली. मूर्तिजापूरची, चोवीस वर्षांची, अमरावतीला शिकलेली, रोज पॅसेंजरनं येणारी-जाणारी. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. कॉम्प्युटरवरचं सगळं तिला स्क्रीन रीडर वाचून दाखवायचा. कानात हेडफोन, आणि पडद्यावर जे येईल ते एक यांत्रिक आवाज तिच्या कानात बोलणार. जुबेरला धाकधूक होती. तो म्हणाला, तीन महिने बघू, जमलं तर कायम, नाहीतर राम राम. नियाजभाईंनी मान डोलावली. ते तीन महिने या शनिवारी भरत होते.

आणि जमलं होतं की! महिन्याभरात तिनं गावोगावची माणसं आवाजावरून ओळखायला सुरुवात केली. म्हातारी माणसं तर तारीख विचारायच्या निमित्तानं पाच मिनिटं तिच्याशी बोलून घेत. नियाजभाई आतून ऐकत, आणि आपल्याला माणूस पारखता येतो म्हणून स्वतःवरच खूश होत.

मग गुरुवारी नत्थुजींचा फोन आला.

नत्थुजी बार्शीटाकळीजवळचे. त्यांची मैना नावाची गाय गाभण होती. ऑक्टोबरात त्यांनी फोन करून ती कधी विणार ते विचारलं होतं. अपेक्षानं सांगितलं, अठ्ठावीस नोव्हेंबर. नत्थुजींनी ते मनात पक्कं केलं, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुतण्याच्या साखरपुड्याला निश्चिंत मनानं चांदूर बाजारला निघून गेले. इकडे चार तारखेला मैना व्यायला बसली. घरात एकट्या सुभद्राबाई. वासराचा पाय अडकला, डॉक्टर दोन तासांनी आला. गाय वाचली, वासरूही वाचलं, पण नत्थुजींची तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती फोनमधून आतल्या खोलीपर्यंत ऐकू येत होती.

"अठ्ठावीस म्हणे! अठ्ठावीस कोणत्या पंचांगातून काढली वो बाई? जनावर मेलं असतं मंग? शनिवारी येतोच मी तिथी. पायतोच कोण बसलं हाय थे."

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दूध संघाच्या मोतीरामजींना फोन केला, आणि मोतीरामजींनी जुबेरला. ऑपरेटर बदला, नाहीतर आम्ही काम दुसरीकडे देऊ, असं मोतीरामजी म्हणाले. जुबेर बाहेर आला. अपेक्षा हेडफोन गळ्यात टाकून खाली मान घालून बसली होती.

"चूक माहीच हाय, जुबेरभाऊ," ती म्हणाली. "मी तारीख चुकीची सांगतली."

नियाजभाईंनी आत बसून रेकॉर्ड उघडलं होतं. चौकटीत सगळं स्वच्छ दिसत होतं. विण्याची तारीख, सहा नोव्हेंबर. अठ्ठावीस नोव्हेंबर ही पुढच्या लसीची तारीख. प्रोग्रॅम बरोबर होता. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी नियाजभाईंना पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर बरं वाटलं. चूक वापरणाऱ्यात होती. त्यांनी चष्मा पुसला आणि पाणीही प्यायलं.

"चाचा, अब क्या करें?" जुबेरनं आत येऊन हळूच विचारलं. "लडकी अच्छी है. लेकिन काम गया तो हम भी गए."

"शनिवार तक रुको," नियाजभाई म्हणाले.

पण ते पाणी काही पचलं नाही. जी मुलगी तीनशे बिल्ले तोंडपाठ म्हणून दाखवते, ती शेजारच्या रकान्यातली तारीख का सांगेल? शुक्रवारी नियाजभाई नमाज पढून ऑफिसात परतले तेव्हा जुबेर घरी जेवायला गेलेला होता आणि अपेक्षा डबा संपवून बोटं पुसत होती. त्यांनी आपली खुर्ची ओढत आणून तिच्या टेबलाशी लावली.

"बेटा, मैनाचा नंबर टाक. अन् थे कानातलं मले दे."

"काहून सर?"

"मले आयकाचं हाय."

तिनं हेडफोन काढून समोर धरला. नियाजभाईंनी तो टोपीवरून कसाबसा चढवला. तिनं कमांड टाईप केली, आणि त्यांच्या कानात मधमाश्यांचं पोळं फुटलं.

"हे काय हाय?" ते ओरडले. कानात हेडफोन असला की माणूस ओरडतोच.

अपेक्षाला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "माह्या वेगावर हाय सर. थांबा, हळू करते."

हळू झाल्यावर आवाज कळू लागला. "चार चार सात एक. मैना. नत्थुजी. तीस जानेवारी. सहा नोव्हेंबर. अठ्ठावीस नोव्हेंबर." संपलं.

नियाजभाई पडद्याकडे बघत होते. पडद्यावर बिल्ला, नाव, मालक, आणि त्यापुढे चार रकाने होते. भरवल्याची तारीख, पुढची भेट, विण्याची तारीख, पुढची लस. पुढच्या भेटीचा रकाना रिकामा होता. डॉक्टरनं भरलाच नव्हता. डोळ्यांना तिथं जागा दिसत होती, पांढरी, दोन रेघांच्या मधली. कानाला काहीच नाही. कानात तीसनंतर सहा आणि सहानंतर अठ्ठावीस, अशा एकामागोमाग एक तारखा.

"तू मोजून सांगतेस," ते हळूच म्हणाले.

"व्हय. रकान्याची नावं वरच्या ओळीत, मायती खालच्या ओळीत. फोनवरचा माणूस थांबला असते, तवा दरवेळी वर जाता येत नाई. मंग मी मोजते. पैली तारीख भरवल्याची, दुसरी भेटीची, तिसरी विण्याची. लसीचा रकाना गंज वेळा रिकामाच राह्यते, म्हणून तीनच तारखा आल्या तं मले काई वेगळं वाटत नाई. पण त्या दिवशी भेटीचाच रिकामा होता."

"अन् रेघा? रेघा तं मधात हायेत ना. थे बोलत नाई काय?"

अपेक्षा डब्याचं झाकण लावू लागली.

"सांग."

"बोलते सर. मी बंद करून ठेवलं हाय थे."

"चालू कर."

"राहू द्या ना."

"चालू कर म्हणतो ना!"

तिनं दोन बटणं दाबली. आणि नियाजभाईंच्या कानात त्यांची चौकट सुरू झाली. "अधिक, वजा, वजा, वजा, वजा, वजा, वजा..." ते थांबले. वाट बघत राहिले. आता संपेल, मग संपेल. बाहेर रस्त्यावर एक ऑटो आला, भाड्यावरून घासाघीस झाली, ऑटो गेला; कानात वजा चालूच. मग "अधिक", आणि पुन्हा वजा. वरची रेघ संपायच्या आतच त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. हेडफोन तिथं पडल्यापडल्या बारीक आवाजात वजा वजा करत राहिला.

"एकशे बारा हायेत," अपेक्षा म्हणाली. "एका रेघेत. अशा तीन रेघा, अन् मंग उभ्या येगळ्या. मी पैल्या हप्त्यात पुऱ्या आयकत होती. तवरोक लोक फोन ठेवून देत. मंग चिन्हं बंद केली."

एकशे बारा. नियाजभाईंनी मोजून बसवल्या होत्या त्या. जगात त्यांच्याखेरीज हा आकडा ठाऊक असलेलं हे दुसरंच माणूस, आणि तिला तो असा ठाऊक झाला होता.

"तीन महिने झाले," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज उगाचच चढला, कारण ते स्वतःवर चिडले होते. "तीन महिने तू माह्या डोळ्यासमोर बसून हायेस. एकदा तरी बोलाव ना! काल तं चूक माही म्हणून मोकळी झाली. काहून?"

अपेक्षा टेबलाची कड चाचपत बसली. मग म्हणाली, "पैल्या दिवशी तुमी मले तुमच्या अब्बाबद्दल सांगतलं होतं. त्या लाकडी यंत्राचं. निळ्या अन् लाल रेघांचं. मले निळं काय, लाल काय, ठाऊक नाई. पण तुमी बोलत होते तवा तुमचा आवाज एकदम येगळा झाला होता. लहान पोरावानी. मंग मी कशी म्हणू, का तुमच्या रेघा मले आडव्या येऊन राह्यल्या म्हणून?"

नियाजभाईंनी चष्मा काढला. या खेपेला तो पुसायला नव्हे. त्यांना वाटलं, या मुलीनं आपली नोकरी घालवली असती, पण आपल्या बापाची रेघ मोडली नसती. आणि आपण काल तिच्या मान खाली घालण्यावर खुशाल पाणी प्यायलो. त्यांनी दोनदा खाकरून कीबोर्ड आपल्याकडे ओढला. अपेक्षाला दिसत नव्हतं हे खरं, पण तिला सगळं ऐकू येत होतं.

जुबेर जेवून आला तेव्हा दोघं एकाच टेबलाशी बसलेले. चाचांनी प्रोग्रॅम उघडला होता, आणि तोही जो भाग ते कुणाला हात लावू देत नसत तोच. जुबेर दारातच थबकला.

"रेघा काढून राहिलो," नियाजभाई त्याच्याकडे न बघता म्हणाले. "उत्तर दुसऱ्या तऱ्हेनं द्याचं हाय. बोल, कसं द्यावं?"

जुबेरला काय, विचारायचाच अवकाश. पहिल्यांदा त्यानं फक्त स्वल्पविराम टाकून माहिती द्यायला सांगितली. अपेक्षानं ऐकलं आणि मान हलवली; रेघा गेल्या, पण रिकामा रकाना पुन्हा तसाच मुका, दोन स्वल्पविरामांच्या मधे गडप. मग जुबेर म्हणाला, आजकाल सगळे जेसन नावाच्या साच्यात देतात. तसं करून पाहिलं. आता तिच्या कानात महिरपी कंस सुरू झाले, अवतरणचिन्हं सुरू झाली, अपूर्णविराम सुरू झाले.

"हे मशीनीले चांगलं हाय," अपेक्षा म्हणाली. "एका मशीनीनं दुसऱ्या मशीनीले सांगाले. पण यात एक गोष्ट मले आवडली सर. रकान्याचं नाव अन् आतली मायती संगंसंगं हाय. वर जाऊन याचं काम नाई. बस, हे कंस तेवढे काढून टाका. एका ओळीत एकच गोष्ट. आधी नाव, मंग मायती. अन् काई नसन तं तसं सांगा. रिकामं म्हणा."

"रिकाम्याले रिकामं म्हणाचं," नियाजभाई पुटपुटले. इतकी साधी गोष्ट. तीस वर्षांत त्यांनी रिकाम्या जागेला कधी काही म्हणू दिलं नव्हतं. दोन रेघांच्या मधे ती आपोआप दिसते, तिला वेगळं नाव कशाला, असं त्यांना वाटत आलं होतं.

काम एका तासात झालं. नियाजभाईंना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. तीन महिन्यांची तिची फरफट, आणि काम फक्त एका तासाचं. डॉक्टरांना द्यायच्या कागदी यादीत त्यांनी रेघा तशाच ठेवल्या. तिथं डोळे असणारी माणसं होती. पण फोनच्या टेबलावर आता कमांड दिली की एकाखाली एक ओळी येत होत्या, बिनरेघांच्या, उघड्याबोडक्या. नियाजभाईंना त्या बघवेनात. मग त्यांनी बघणं सोडलं आणि हेडफोन घालून ऐकलं. "नाव, मैना. भरवल्याची तारीख, तीस जानेवारी. पुढची भेट, रिकामं. विण्याची तारीख, सहा नोव्हेंबर." ऐकायला ते सुरेख होतं.

शनिवारी अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. नत्थुजी पुढे, सुभद्राबाई मागे, हातात कापडी पिशवी. जुबेरनं खुर्च्या पुढे केल्या, पण नत्थुजी काही बसले नाहीत.

"कोण थे पोट्टी? कुठी हाय?"

अपेक्षा उठून उभी राहिली. पण तिनं तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून नियाजभाई बाहेर आले आणि तिच्या आणि नत्थुजींच्या मधे उभे राहिले.

"पोट्टीची चूक नाई, नत्थुजी. माही चूक हाय. तिले तारीख चुकीची आयकू आली, कारण प्रोग्रॅमच तसा बनवला होता मी. रकाना रिकामा असला का तिले कळतच नव्हतं. थे मी काल सुधरवलं. जे काई बोलाचं हाय थे मले बोला, अन् मोतीरामजीले पण तसंच सांगा."

जुबेरनं डोळे मिटून घेतले. चाचा आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक होती असं म्हणाले, हे ऐकायला तो तीस वर्षांत पहिलाच माणूस होता, आणि नेमकं हेच वाक्य उद्या मोतीरामजींच्या कानावर जाणार होतं.

नत्थुजी गोंधळले. भांडायला निघालेल्या माणसाला समोरचा आधीच कबूल झाला तर त्याची मोठी पंचाईत होते. त्यांनी नियाजभाईंच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, आणि मग त्यांना अपेक्षाचे डोळे दिसले. ते एकदम खाली बसले.

"आता गं. मले काय ठाऊक. जाऊ द्या मंग. बिचारी..."

"बिचारी नोका म्हणू काका," अपेक्षा म्हणाली. "तुमच्या घरी वासरू अडलं, थे मी सांगतलेल्या तारखेनं. मले दया नोका करू. मी आता काम करू शकते का नाई, थे पा."

"पाह्यतो," नत्थुजी म्हणाले. हा सूर त्यांना कळणारा होता. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, त्यातला एक नंबर शोधला. "माह्या भावाची म्हैस हाय. दोन शून्य नऊ तीन. सांग."

अपेक्षानं हेडफोन चढवला. बोटं चालली. तीन सेकंद, फार तर चार.

"म्हशीचं नाव राधी. भरवल्याची तारीख अकरा ऑगस्ट. पुढची भेट, रिकामं. विण्याची तारीख सोळा जून. पुढची लस, दोन डिसेंबर." मग ती थांबली. "काका, हिची पण भेट रिकामीच हाय. तुमच्या मैनाची पण रिकामी होती. तुमच्या गावात डॉक्टर येऊन नाई राह्यले काय?"

नत्थुजींनी सुभद्राबाईंकडे पाहिलं. सुभद्राबाई पहिल्यांदा बोलल्या.

"पोळ्यापासून आला नाई थो. अन् मी यायले म्हणत होती, का मैनाची कास भरली, आजउद्या व्यते, जाऊ नोका. तं म्हणे कॉम्प्युटर अठ्ठावीस सांगते, तुले जास्त समजते काय!"

"थे जाऊ दे आता," नत्थुजी म्हणाले.

"काहून जाऊ दे? घरच्या माणसाचं आयकलं नाई, अन् इथी पोट्टीवर तणतणाले आले."

जुबेरला हसू आवरेना म्हणून तो पाणी आणायला आत पळाला. नत्थुजी मात्र विचारात पडले होते. त्यांनी गावातली आणखी चार जनावरं आठवून आठवून नंबर दिले. अपेक्षा सांगत गेली. पुढची भेट रिकामं. रिकामं. रिकामं. रिकामं. तीन महिने चौकटीत मुकी बसलेली ती जागा आता एकसारखी बोलत होती, आणि ती काय सांगत होती ते आता सगळ्यांनाच कळलं. अपेक्षानं तिथल्या तिथं पशुवैद्यकांच्या ऑफिसला फोन लावला, गावाचं नाव सांगितलं, आणि मंगळवारची भेट घेऊनच फोन ठेवला. नत्थुजींनी ते सगळं ऐकलं. मग त्यांनी स्वतःचा मोबाईल काढून मोतीरामजींना लावला आणि नेहमीच्याच आवाजात, म्हणजे पेठेत खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, बोलू लागले.

"हा, नत्थुजी बोलतो. थ्या पोट्टीले काढू नोका. नाई, नाई, आयका तं. चूक झालती, कबूल केली, सुधरवली. आमच्या गावाचे फोन तीच उचलन. दुसरं कोणी ठेवलं तं मी पुन्हा येईन, अन् मंग खरंच भांडीन."

जुबेरचा जीव भांड्यात पडला. सुभद्राबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि अपेक्षाचे दोन्ही हात धरून त्यात दिला. "खरवस हाय. मैनाच्या पैल्या चिकाचा. मी त्यायच्या संगं भांडाले नोती आली, हे द्याले आली होती. जे झालं थे झालं माय. वासरू मस्त उड्या मारून राह्यलं." अपेक्षानं डबा छातीशी धरला, आणि दोन दिवस जे रडू तिनं दाबून ठेवलं होतं ते सुभद्राबाईंच्या खांद्यावर मोकळं केलं. सुभद्राबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत नत्थुजींकडे अशा बघत होत्या, की नत्थुजी उठून जिन्याकडेच निघाले.

पाहुणे गेले. जुबेर आतून कायमपणाचं पत्र छापून घेऊन आला आणि त्यानं ते नियाजभाईंसमोर सहीला ठेवलं. नियाजभाईंनी सही केली. मग ते अपेक्षाच्या टेबलाजवळ खुर्ची घेऊन बसले, आणि खिशातला पेन काढून तेच पत्र उलटं केलं.

"हं. आता बाकीचं सांग."

"बाकीचं काय सर?"

"रेघांचं कळलं. त्याच्याबिगर आणखी काय काय हाय? तीन महिन्यांत जे तू बोलली नाई, थे समदं. मी लिहून घेतो."

"काई नाई सर. सगळं ठीक हाय."

"बेटा," नियाजभाई म्हणाले, "मी आता मधात बोलत नाई. तू सांग."

अपेक्षानं उजव्या हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवला. बोटांच्या मागे दोन जागी कातडी पांढुरकी झाली होती.

"मंग एक सांगू? तुमी रोज माह्यासाठी चहा आणता अन् चुपचाप ठेवून जाता. ठेवतानी फक्त 'चहा' म्हणत जा सर. दोनदा पोळला हात."

नियाजभाईंनी लिहायला पेन टेकवला, पण त्यांना 'चहा'चं पहिलंच अक्षर लवकर काढता येईना.